मडगार्डाला मुरड

मोटारीचं मडगार्ड चाकाने उडवलेला चिखल लोकांच्या अंगावर जाऊ नये म्हणून असतं, एवढ्याच माहितीवर लीलाधर नेरकर यांनी कोर्टातली चौतीस वर्षांची नोकरी पुरी केली. याहून जास्त माहितीची आपल्याला गरज पडेल, असं त्यांना १९६८ सालच्या मार्गशीर्षापर्यंत तरी वाटलं नव्हतं.

धुळ्यात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. कोर्टाच्या शिरस्तेदाराला भाऊसाहेब म्हणायची रीतच आहे. निवृत्त झाल्यावर खुर्ची जाते, डोक्यावरचा पंखा जातो, हाकेसरशी धावत येणारा पट्टेवाला जातो. भाऊसाहेब तेवढं मागे राहतं. त्याच सुमारास बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी जुनी बेबी हिंदुस्थान गाडी घेतली. बायको दोन वर्षांपूर्वीच वारली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन राउरकेल्याला. "मंग गाडी कोणासाठी?" असं गल्लीने विचारलं, तेव्हा भाऊसाहेबांनी "गाडी असावी" एवढंच उत्तर दिलं. कोर्टात असं उत्तर एखाद्या साक्षीदाराने दिलं असतं तर त्यांनीच त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं असतं.

रोज संध्याकाळी पाचला भाऊसाहेब गाडी काढत, पांझरेच्या काठापर्यंत जात, काच खाली करून दहा मिनिटं नदीकडे बघत आणि सहाच्या आत परत येत. चार वर्षांत या क्रमात खंड पडला नव्हता.

खंड पाडला तो टायरांनी. पारोळा रोडवरच्या झुलाल मिस्त्रीने चारी टायरांवरून हात फिरवला आणि एखाद्या डॉक्टरने नाडीवरून हात काढावा तसा तो काढून घेतला.

"भाऊसाहेब, हे टायर नहीत, फुगे शेत. कवाबी फुटतील."

"मग नवे घाला."

"ह्या मापाचे आता येतच नहीत. जळगावला माझा साडू भंगारात गाड्या घेतो. त्याच्याकडे एका मोठ्या गाडीची चार चाकं पडेल शेत, टायरसकट. रुंद शेत जरा. पण एकदम तालेवार!"

भाऊसाहेब जळगावला गेले आणि चार चाकं घेऊन एस.टी.ने परत निघाले. चाकं टपावर बांधायला कंडक्टरने हरकत घेतली. भाऊसाहेबांनी त्याला सामानाच्या नियमाचं कलम सांगितलं, त्याने त्यांना एस.टी.ची वेळ सांगितली, आणि शेवटी हमालाने कोणालाच न विचारता चाकं टपावर फेकली. एरंडोल सोडल्यावर दोर सुटला. एक चाक टपावरून उतरलं, गाडीच्या बरोबरीने थोडा वेळ मोठ्या डौलात धावलं आणि मग स्वतःच्या विचाराने डावीकडच्या कपाशीत शिरलं. सगळी बस खाली उतरली. चाक शोधताना कोणी "तिकडं गेलं" म्हणे, कोणी "अहो, ते पारोळ्याला पोचलं असंल आतालोक" म्हणे. अर्ध्या तासाने एका बाईच्या पदराला चाक आधी लागलं, मग डोळ्याला दिसलं. भाऊसाहेबांना त्या प्रकाराची अतोनात लाज वाटली. तरी चाळीस माणसं आपल्यासाठी रानात हिंडली, हे त्यांच्या ध्यानात राहून गेलं. पुढच्या पत्रात त्यांनी मुलीला हा प्रसंग दीड पान लिहिला. एरवी त्यांचं पत्र हवापाण्यावर सुरू होऊन प्रकृतीवर संपत असे.

झुलालने भोकं जुळवून चाकं बसवली. गाडी आता पायात मोठ्या भावाचे बूट घातलेल्या मुलीसारखी दिसत होती. झुलाल मागे गेला, वाकला, उठला आणि म्हणाला,

"जमलं. न्या घरी."

"कुठे घासत वगैरे नाही ना?"

"मागचं चाक मडगार्डच्या कडेले लागतं. पण ते मागे माणसं बसनी तर. गाडी खाली दबली म्हणजे मग घासाई. तुम्ही तर एकलेच फिरतस. तुम्हाला काय करणं शे?"

झुलालच्या मनात काही नव्हतं. त्याने ते हात पुसता पुसता सांगितलं, जसं कोणी "पाऊस नाही आज" सांगेल. पण भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. गॅरेजात बिडी ओढत बसलेल्या दोघा ड्रायव्हरांनी हे ऐकलं, असं त्यांना वाटलं. खरं तर ड्रायव्हर ट्रकबद्दल बोलत होते.

"एकटाच म्हणजे?" भाऊसाहेब म्हणाले. "माणसं येतात माझ्याकडे."

"कोण येस?"

"येतात." भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "गाडीत चार जागा आहेत. चारही जागा वापरता आल्या पाहिजेत. मडगार्डाचं काय करायचं ते करा."

"कड आत वळवावी लागंल. दोन्ही मडगार्डची, अशी दुमडून, पत्र्याला चिकटवून. दोन दिवसांचं काम शे."

"वळवा."

येथून पुढे जे झालं त्याला झुलाल जबाबदार नव्हता, मडगार्डही नव्हतं.

झुलालच्या गॅरेजात त्या आठवड्यात दोन ट्रक उघडे पडले होते, म्हणून त्याने काम भाऊसाहेबांच्या दारात करायचं ठरवलं. आणि दारात मोटार उघडी दिसली की गल्लीला विद्वत्ता फुटते. पहिले आले समोरचे सुगनचंदजी. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि सल्ला देताना ते डोळे मिटून घेत.

"भाऊसाब, कड दुमडू नका. कड म्हणजे घराची मर्यादा. एक डाव वाकली की वाकली. टायर घासून घासून आपोआप बारीक होईल. सबुरी ठेवा."

मग आले धनसिंग, पोलिसातले निवृत्त हवालदार. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, जणू गाडीच संशयित होती. "स्प्रिंगच कडक टाका," ते म्हणाले. "गाडी दबलीच नाही तर घासेल कशी? मुळावर घाव घाला."

तिसरा सल्ला भिंतीवरून आला. शेजारच्या दोन खोल्यांत भिकुबाई राहत. साठी उलटलेल्या, अंगाने भक्कम. मुलगे कापडण्याला शेतावर, सुना तिथेच. नातू शिकायला धुळ्यात होता म्हणून त्या इथे आल्या, नातू शिकून नाशिकला नोकरीला लागला आणि त्या इथेच राहिल्या. कापडण्याला परत या असं त्यांना कोणी म्हटल्याचं गल्लीने ऐकलं नव्हतं. दिवसभर त्या भिंतीवरून काही ना काही बोलत: भाजीवाल्याला, मांजराला, नळाला. भाऊसाहेबांना त्या बोलण्याचा त्रास होई आणि ते खिडकी लावून घेत.

"करंजीले मुरड घालतस ना, तशीच घालनी शे ती कड," भिकुबाई म्हणाल्या. "पण पीठ नरम पाहिजे. थंड पिठले मुरड घालशात तर फाटी जाई."

"आजी, हा पत्रा शे," झुलाल म्हणाला.

"मंग काय व्हयनं? पत्रा काय, पीठ काय, बठ्ठं एकच."

भाऊसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. कोर्टात अर्ज दाखल करून घेताना जो चेहरा करत तोच चेहरा त्यांनी केला, म्हणजे अर्ज मिळाला, पुढे काही होणार नाही.

कामाची रीत अशी होती. चाक आणि मडगार्ड यांच्या मधे एक गोल जाड लाकूड अडकवायचं, गाडी वजनाने खाली दाबायची आणि हळूहळू पुढेमागे ढकलायची. चाक फिरतं, त्याच्याबरोबर लाकूड फिरतं आणि कड बोटाबोटाने आत वळते. लाकूड म्हणून भिकुबाईंनी स्वतःचं मुसळ भिंतीवरून दिलं. वजनाचा प्रश्न राहिला.

"मागे तीन माणसं बसवा," झुलाल म्हणाला.

माणसं तर गल्लीत चिक्कार उभी होती. पण "जरा माझ्या गाडीत बसता का?" हे वाक्य भाऊसाहेबांच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना हुकमाने बोलावलं होतं. विनंतीने कसं बोलावतात ते त्यांना आठवेना. त्यांनी सुगनचंदजींच्या दुकानातून सरकीची चार पोती आणवली.

पोती बसली. झुलालने ढकललं. करकर आवाज आला, मुसळ पुढे सरकलं आणि मडगार्डावरचा काळा रंग खपल्यांनी उडून भाऊसाहेबांच्या धोतरावर पडला. झुलालने जोर वाढवला तर कड आत वळायच्या ऐवजी पत्र्यालाच एक लाट आली, पांझरेला पावसाळ्यात येते तशी. धनसिंग ओरडले, "मागे घ्या!" सुगनचंदजी ओरडले, "पुढे जाऊ द्या!" झुलालने दोघांचंही ऐकलं. गाडी हिसक्याने मागे आली, एक पोतं फाटलं आणि सरकी सीटवरून वाहत दारापर्यंत आली. तेवढ्यात गल्लीतली एक म्हैस, जी इतका वेळ या कामात कोणतंही मत न देता उभी होती, तिने उघड्या दारातून मान आत घातली. मान गेली, मान बाहेर येईना, कारण शिंगं आडवी आली. अर्धा तास म्हैस मागच्या सीटवर निवांत सरकी खात होती आणि भाऊसाहेब तिचं शेपूट धरायचं की नाही या विचारात उभे होते.

"भाऊसाहेब," भिंतीवरून आवाज आला, "तुमनी गाडीमा कोणी तरी बसनं एकदाचं!"

गल्ली हसली. भाऊसाहेबही हसले असते, पण हसायला थोडा उशीर झाला आणि मग ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी झुलाल ब्लोलॅम्प घेऊन आला. पत्रा आधी गरम केला, मग मुसळ लावलं. कड लोण्यासारखी वळली. भिकुबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. इतक्या मोठ्या विजयानंतर न बोलणं हे त्यांच्यासाठी फार होतं, हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी मुसळ धुऊन, पुसून, स्वतः परत नेऊन दिलं.

काम इथे संपलं असतं. पण भाऊसाहेबांच्या आत एक शिरस्तेदार अजून हजर होता. गाडीची चाकं बदलली, मडगार्डाचा आकार बदलला, आणि गाडीच्या पुस्तकात त्याची नोंद नाही? त्यांना जेवण गोड लागेना. महिन्यातून एकदा एक मोटार इन्स्पेक्टर सरकारी बंगल्याच्या आवारात गाड्या तपासायला बसत. भाऊसाहेबांनी तीन पानी अर्ज लिहिला: 'अर्जदार विनंतीपूर्वक कळवितो की, अर्जदाराच्या मालकीच्या मोटारीच्या मागील दोन्ही मडगार्डांच्या कडा आतील बाजूस वळविण्यात आल्या असून…'

इन्स्पेक्टर तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी तिन्ही पानं वाचली. असा अर्ज आपल्याला आजवर आला नाही, असं त्यांनी मोकळेपणी सांगितलं आणि त्यामुळेच ते काळजीत पडले.

"आसनं किती?"

"चालक धरून चार."

"मग भरल्या गाडीने चाक घासत नाही, हे मला पाहावं लागेल. पुढच्या महिन्यात पहिल्या बुधवारी चार माणसांनिशी गाडी आणा."

भाऊसाहेब थोडे घुटमळले. "सरकीची पोती चालतील का?"

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पोती हलत नाहीत, भाऊसाहेब. माणूस वळतो, वाकतो, हसतो. घासायचं तेव्हाच घासतं."

घरी येऊन भाऊसाहेबांनी कागद घेतला आणि ज्यांना विचारता येईल अशांची यादी केली. सात नावं झाली. मग ती वाचताना दोन नावं खोडावी लागली, कारण ते दोघे वारले होते. एकाच्या तर अंत्ययात्रेला ते स्वतः गेले होते, तरी हाताने नाव लिहिलं. एक मुलाकडे पुण्याला गेलेला. उरले चार. भाऊसाहेब एकेकाकडे जाऊ लागले. कोर्टातल्या जुन्या सहकाऱ्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, "काय हो, किती दिवसांनी!" म्हटलं. भाऊसाहेबांनी दोनदा हवेबद्दल बोलून, एकदा मुलीबद्दल बोलून, मग विषय काढला. एकाला त्या बुधवारी तारीख होती. एकाची कंबर धरली होती. तिसरा मोठ्याने हसला आणि "गाडीत बसायला माणसं शोधताय? अहो, लोक गाडी शोधतात!" म्हणाला, पण येतो म्हणाला नाही. चौथ्याच्या दारापर्यंत जाऊन भाऊसाहेब परत फिरले. त्या संध्याकाळी पाचला त्यांनी गाडी काढलीच नाही. रुंद टायर, वळवलेली कड, सगळं दारात तयार उभं होतं आणि ते आत खुर्चीवर बसून मुलीला पत्र लिहीत होते. 'गाडीचे काम उत्तम झाले. प्रकृती बरी आहे.' याच्यापुढे काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही.

शेवटी सुगनचंदजींनी स्वतःच विचारलं. त्यांना त्या बुधवारी बाजार समितीत जायचंच होतं. जाता जाता सोडलं तर ते बसायला तयार होते. धनसिंग म्हणाले, "सरकारी तपासणी? मग मी पाहिजेच." दोघं झाले. तिसरा मिळेना. बुधवारी सकाळी दहाला धनसिंग छातीवर बिल्ले लावून पुढे बसले, सुगनचंदजी मागे बसले, आणि भाऊसाहेब दारात उभे राहून गल्लीच्या टोकाकडे पाहत होते. कोण येणार होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेजारचं दार उघडलं. भिकुबाई बाहेर आल्या. अंगावर घडी मोडलेलं हिरवं लुगडं, हातात पितळी डबा.

"माले कसाले नही इचारं?" त्या म्हणाल्या. "मन्हं वजन कमी शे का?"

"तसं नाही," भाऊसाहेब गडबडले. "तुम्हाला… तुम्ही मोटारीत…"

"कधीच बसनू नही. म्हनून तर."

त्यांना बसवायला वेळ लागला. त्या आधी डोकं आत घालत, मग पाय घालायला जागा उरत नसे. सुगनचंदजींनी डोळे मिटून सूचना दिल्या. अखेर त्या आत बसल्या, डबा मांडीवर धरला, आणि गाडी मागच्या बाजूने हळूच खाली बसली. चार वर्षांत माणसांच्या वजनाने ती पहिल्यांदाच अशी बसली होती. गाडी जड लागते म्हणजे काय, ते स्टिअरिंग धरल्यावर भाऊसाहेबांना हाताला कळलं.

सरकारी बंगल्याच्या आवारात इन्स्पेक्टरांनी भाऊसाहेबांना गाडी एका चरावरून चार वेळा नेऊन आणायला लावली. स्वतः बाजूने वाकून चाकाला कान लावून धावले. "डावीकडे झुका!" ते ओरडले. सुगनचंदजी भिकुबाईंना लागू नये म्हणून उलट्या बाजूला झुकले. "तुमच्या डावीकडे!" धनसिंग पुढून ओरडले. भिकुबाई दोन्हीकडे झुकल्या, डब्याचं झाकण उघडलं आणि मेथीचे लाडू गाडीभर घरंगळले. एक धनसिंगांच्या मानेत गेला. आधी भिकुबाई हसल्या, मग सुगनचंदजी डोळे उघडून हसले, आणि भाऊसाहेब इतके हसले की गाडी चरातच बंद पडली.

"घासत नाही!" इन्स्पेक्टर धापा टाकत म्हणाले. "पूर्ण भार, पूर्ण हालचाल. शाबास!"

त्यांनी नोंद लिहायला घेतली. "भार म्हणून कोण होतं ते लिहितो. नावं सांगा." भाऊसाहेबांनी नावं सांगितली. "आपल्या नात्यातले?"

भाऊसाहेब थबकले. इतक्या साध्या रकान्यात काय भरावं? नाही म्हणावं तर ही तिघं समोर लाडू खात उभी होती.

"शेजारी शेतस," भिकुबाई म्हणाल्या. "लिखी ले, भाऊ. शेजारी."

इन्स्पेक्टरांनी लिहिलं, शिक्का मारला आणि दोन लाडू घेतले.

परतीला सुगनचंदजी बाजार समितीशी उतरले. गाडी जराशी वर उचलली गेली. पुढे चौकात धनसिंगांना कोणी जुना शिपाई भेटला. ते उतरले आणि बिल्ले चाचपत त्याच्याबरोबर चहाला गेले. गाडी अजून हलकी झाली. भाऊसाहेब गल्लीत वळले. आता दोन वाजतील, मग पाच वाजतील. नोंद झाली होती, उद्या करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी भिकुबाईंच्या दाराशी गाडी उभी केली, उतरून मागचं दार उघडून धरलं.

भिकुबाई उतरल्या नाहीत.

"घर आलं," भाऊसाहेब म्हणाले.

"देखी राह्यनू."

भिकुबाई आपल्या बंद दाराकडे पाहत होत्या. दिवसभर भिंतीवरून वाहणारा आवाज एवढासा होऊन आला.

"उतरीसन काय करू, भाऊसाहेब? घरमा कोण शे?"

भाऊसाहेबांनी दार धरलेलं तसंच होतं. भिंतीपलीकडून चार वर्षं भाजीवाल्याशी, मांजराशी, नळाशी चाललेलं ते बोलणं त्यांना आठवलं, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून आपण लावून घेतलेली खिडकीही. त्यांनी दार हळूच लोटून बंद केलं, पुन्हा आपल्या जागी येऊन बसले आणि गाडी सुरू केली.

गल्ली संपून मोठा रस्ता लागतो तिथे त्यांनी ब्रेक दाबला. उजवा रस्ता नदीकडे जात होता, डावा पारोळ्यावरून एरंडोलला, आणि समोरचा कुठे जातो ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

भिकुबाई पुढे सरकल्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, समोर पाहिलं. मंडईत वांगी निवडावीत तशा त्या तिन्ही रस्ते निरखीत बसल्या. मागून कपाशीचा एक ट्रक आला आणि भोंगा वाजवू लागला. एरवी भाऊसाहेबांनी घाईने गाडी कडेला घेतली असती. आज त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ट्रकवाल्याला थांबायची खूण केली.

"थांब रे जरा," ते म्हणाले. "आमचं अजून ठरतंय."